मागितली प्रयोगशाळा, आला व्हीसीआर

आम्ही पाच-सहा निवृत्त शिक्षिका महिन्यातून एकदा मुलुंडला कोणाच्या तरी घरी जमतो. चहा येईपर्यंत गुडघे आणि सुना हे दोन्ही विषय संपतात. मग हमखास कोणीतरी म्हणतं, "सामंत, ती व्हीसीआरची गोष्ट सांग ना!" कुठली? एक असती तर सांगितली असती. किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. त्या त्या वेळी नुसतं डोकं फिरलेलं असतं, घरी जाऊन नवऱ्यावर राग काढलेला असतो. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच प्रकरणावर बायका पोट धरून हसतात आणि म्हणतात, "किती मज्जा होती गं तुमच्या शाळेत!" मज्जा! यायचं होतं तेव्हा एखादा तास घ्यायला.

* * *

आमची शाळा मुलुंडच्या टोकाला, डोंगराच्या बाजूला. मराठी माध्यम. पोरं आसपासच्या चाळींतली. निम्म्यांचे बाप कोकणातून गिरणीत आलेले. संप झाला, गिरण्या बसल्या, आणि आता कोणी वॉचमन, कोणी लेथवर, कोणी नुसताच घरी. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायचे. विज्ञान म्हणजे काय, तर फळा! भिंग फळ्यावर, बॅटरी फळ्यावर, लोलकसुद्धा फळ्यावर. माझा लोलक चौदा वर्षांत एकदाही हलला नाही.

तळमजल्यावर कोपऱ्यात एक खोली होती. कागदोपत्री तिचं नाव प्रयोगशाळा. आत मोडकी बाकं, गॅदरिंगचे पडदे आणि अफझलखानाचा तंबू. ती खोली मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलेली बाई, आणि माझी पोरं दहावीला बसायची ती आयुष्यात एकदाही भिंग हातात न धरता! मला लाज वाटायची त्याची, खरंच सांगते.

म्हणून मी एलबीएस रोडवरच्या एका कंपनीकडे अर्ज केला. सोबत यादी जोडली. दहा भिंगं, चार व्होल्टमीटर, दोन प्रिझम, चुंबकं, तारा, थर्मामीटर. फार काही मागितलं नव्हतं. कंपनीचे नाडकर्णी साहेब स्वतः शाळेत आले. सफारी सूट, गोड बोलणं. यादी वाचली आणि हसले.

"बाई, हे सगळं जुनं झालं. आता बाहेरच्या देशात सायन्स व्हिडिओवर शिकवतात!"

पंधरा दिवसांत शाळेत कलर टीव्ही आला, व्हीसीआर आला आणि विज्ञानाच्या चौदा कॅसेटी आल्या. सगळी शाळा नाचत होती. मी यादीची कार्बन कॉपी हातात धरून जिन्यात उभी!

जाता जाता साहेब म्हणाले, "वर्षभर वापरा. जानेवारीत मी येऊन तुमच्या दहावीच्या वर्गात बसणार. पोरांना सायन्स कळतंय असं दिसलं, तर पुढच्या जूनमध्ये तुमची प्रयोगशाळा. शब्द देतो."

झालं. तेव्हापासून जानेवारीपर्यंत मी त्या एका शब्दावर जगले आणि त्या एका यंत्रापायी रोज थोडी थोडी मेले.

* * *

पहिला प्रश्न, टीव्ही ठेवायचा कुठे? आमचे हेडसर म्हणजे पेठे सर. माणूस सज्जन, पण भित्रा. शाळेत नवीन बादली आली तरी ते तिला नंबर घालायचे. त्यांनी टीव्हीसाठी सागवानी कपाट करून घेतलं, त्याला सरकती दारं, आणि दारांना तीन कुलपं. एक चावी सरांकडे, एक ऑफिसात आणि एक धुरींकडे. धुरी म्हणजे आमचे शिपाई, पक्के मालवणी. पोरं त्यांना धुरीमामा म्हणायची.

माझा तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पंधरा मिनिटं तीन चाव्या एकत्र आणण्यात जायची. सर मीटिंगला, ऑफिसची चावी टेबलाच्या खणात, त्या खणाची चावी जेवायला गेलेल्या क्लार्कच्या खिशात! आणि धुरी असायचे गच्चीवर, टाकीत पाणी किती आहे ते बघत.

एकदा मी चिडून विचारलं, "सर, तीन कुलपं कशाला? चोर काय दहावीचं विज्ञान चोरणार आहे?"

सर शांतपणे म्हणाले, "बाई, एका कुलपाची भीती वाटते म्हणून दुसरं लावलं. दुसऱ्याची चावी हरवेल अशी भीती वाटली म्हणून तिसरं."

मी परत जाऊन फळ्यावर भिंग काढलं.

* * *

मग दसरा आला. शाळेत सरस्वतीची पूजा होते, सोबत घंटा, टाइपरायटर, पेटी-तबला यांचीही. त्या वर्षी पूजेत नवा देव होता. धुरींनी व्हीसीआरला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, नारळ फोडला. मी म्हटलं, वा, छान. भक्तिभाव असावा माणसाला.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी कॅसेट घातली. यंत्रातून करर्र करर्र आवाज आला, टीव्हीवर मुंग्या आल्या आणि कॅसेट आत अडकून बसली. स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याकडे व्हीसीआर नेला. त्याने स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"मॅडम, एक विचारू? ह्यात पुलाव केला होता काय?"

आत चमचाभर अक्षता! वर थोडं कुंकू, एक झेंडूची पाकळी. व्हीसीआर उचलून आणायला धुरी बरोबर होते, त्यांना मी तिथेच धरलं. "अहो, अक्षता वरून वाहायच्या, आत कशाला टाकल्यात?"

धुरी जराही घाबरले नाहीत. "बाई, तोंड उघडा होता, म्हणान घातलंय!"

* * *

त्या रिपेअरवाल्याने जाता जाता एक वाक्य टाकलं, "मॅडम, पॉजवर जास्त वेळ ठेवू नका, टेप खराब होते." हे वाक्य माझ्या बरोबर आलेल्या धुरींनी ऐकलं आणि ते हेडसरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी नोटीस: "व्हीसीआरचे पॉज बटण कोणीही दाबू नये."

आता गंमत बघा. कॅसेटी सगळ्या इंग्रजीत. त्यात एक गोरा साहेब, केस विस्कटलेले, भराभर बोलतो. माझ्या पोरांना इंग्रजी म्हणजे "मे आय कम इन" एवढंच. मी काय करायचे, साहेब दोन वाक्यं बोलला की पॉज करायचे, मराठीत सांगायचे, पुन्हा चालू. आता पॉज बंद! मग काय, साहेबाच्या आवाजावर माझा आवाज. तो आपला धावतोय आणि मी मागून ओरडत पळतेय. मी गुरुत्वाकर्षण समजावून सांगेपर्यंत साहेब पुढच्या विषयावर पोचलेला, टीव्हीवर किटलीतून वाफ निघतेय!

सहामाहीला मी प्रश्न घातला, गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?

बावीस मुलांनी लिहिलं, "ज्या बलामुळे पाणी उकळते त्यास गुरुत्वाकर्षण म्हणतात."

उरलेल्यांनी लिहिलं होतं, "किटलीच्या बलास."

मी पेपर घेऊन हेडसरांकडे गेले. सरांनी दोन-चार पेपर वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "पण बाई, अक्षर सुधारलंय हं पोरांचं!"

* * *

टीव्हीचा अजून एक ताप होता. कोणी शिक्षक गैरहजर असला की ऑफ तासाला वर्ग सरळ टीव्हीच्या खोलीत पाठवायचे. अशा वेळी मात्र तिन्ही चाव्या दोन मिनिटांत मिळायच्या! आणि कॅसेट कुठली? जी हाताला लागेल ती. सातवीच्या पोरांनी मानवी हृदयाची कॅसेट अकरा वेळा बघितली. त्यांना झडपांची नावं पाठ, रक्त कुठून कुठे जातं ते पाठ. मला बरं वाटलं, म्हटलं काहीतरी कामाला आलं हे यंत्र.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. मोठ्या हौसेने मी त्यांना सातवीत नेलं. म्हटलं, "मुलांनो, हृदय कुठे असतं? हात ठेवून दाखवा."

सगळ्या वर्गाने एकसाथ हात छातीवर ठेवला. उजव्या बाजूला!

अहो, टीव्हीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो ना. त्याचं हृदय पोरांना दिसणार उजव्याच हाताला! अकरा वेळा बघून पक्कं झालेलं. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "बाळ, इकडे धडधडतंय का?"

पोरगा म्हणाला, "नाही सर. पण कॅसेटमध्ये इकडेच आहे."

* * *

प्रयोगवह्या तपासणं हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मुका छळ. प्रयोग झालेलाच नाही आणि वही मात्र भरायची. दरवर्षी पोरं गाइडातून उतरवायची, मी सही करायचे, दोघांनाही माहीत की हे खोटं आहे. त्या वर्षी मी फार शहाणपणा केला. वर्गात म्हटलं, "गाइडातून लिहिलेलं चालणार नाही. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा!"

वह्या आल्या. वरच्या वहीवर नाव सुरेखाचं. ही माझ्या दहावीतली सर्वांत तिखट पोरगी. कोळ्यांची. आई मुलुंडच्या मार्केटात मासे विकायची. सुरेखाने लिहिलं होतं:

"साहित्य: टीव्ही, व्हीसीआर, कॅसेट नंबर चार. कृती: प्रथम कॅसेट आत सरकवली. नंतर प्ले दाबले. निरीक्षण: परदेशी साहेबाने दोन तारा जोडल्या, दिवा लागला. साहेबाला आनंद झाला. अनुमान: साहेबाकडे तारा आहेत. दक्षता: चावी धुरीमामांकडून सकाळीच मागून ठेवावी."

मी लाल पेन उचललं. काय खोडणार होते? एक अक्षर खोटं नव्हतं त्यात! दहापैकी दहा दिले आणि वही मिटली. खालच्या एक्केचाळीस वह्यांत हेच उतरवलेलं निघालं. शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

* * *

आता हेडसरांचा पराक्रम ऐका. नोव्हेंबरात आमच्या लेझीम पथकाला कुठल्याशा समारंभात बोलावलं होतं आणि तो समारंभ टीव्हीवर दाखवणार होते. हेडसरांच्या अंगात उत्साह संचारला. रेकॉर्ड करायचं! कोरी कॅसेट होती का शाळेत? नव्हती. मग?

मंगळवारी मी नववीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवायला कॅसेट लावली. साहेबाने प्रिझम हातात घेतला, खिडकीची फट उघडली, उन्हाची तिरीप आली. वर्ग श्वास रोखून बसला. आता रंग दिसणार, आता दिसणार...

ढुम ढुम ढुम ढुम! पडद्यावर लेझीम! त्यापुढे पाहुण्यांचं भाषण, त्यापुढे सत्कार, त्यापुढे दुसरं भाषण. आमची पोरं त्यात किती वेळ दिसली, तर डोळे मिटून उघडेपर्यंत.

मी तशीच जिने चढून केबिनमध्ये. "सर, अपवर्तन पुसलंत तुम्ही!"

"बाई, असं काय करता? शाळेचा सन्मान आहे तो. अपवर्तन काय, पुस्तकात आहेच की!"

मी त्याच दुपारी उरलेल्या तेरा कॅसेटी घेतल्या, केसातली पिन काढली आणि प्रत्येकीच्या कडेला असतो तो प्लॅस्टिकचा छोटा तुकडा तोडून टाकला. तो तोडला की त्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. मला जे सुख झालं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी मला मेमो. "शालेय मालमत्तेची मोडतोड." सोबत तोंडी हुकूम, ते तेरा तुकडे शोधून जमा करावेत. तुकडे मी डोंगराच्या दिशेने खिडकीतून भिरकावले होते. धुरी बिचारे तासभर खाली गवतात वाकून शोधत होते. सात सापडले. हेडसरांनी ते पाकिटात घालून, पाकिटावर नंबर टाकून, कुलपात ठेवले.

प्रिझमचे रंग मात्र त्या बॅचने शेवटपर्यंत बघितले नाहीत. ह्याचं मला तेव्हाही हसू आलं नव्हतं, आजही येत नाही.

* * *

डिसेंबरात मी दहावीला माझी सर्वांत लाडकी कॅसेट लावली. काचेची लांब नळी, त्यातली सगळी हवा काढलेली, आत एक नाणं आणि एक पीस. साहेब नळी उलटी करतो, आणि नाणं न् पीस एकदम खाली! मी कॉलेजात हा प्रयोग बघितला तेव्हा अंगावर काटा आला होता. मी वळून वर्गाकडे बघितलं. वर्ग जांभया देतोय.

"अरे, काही वाटलं की नाही तुम्हाला?"

मागून आवाज, "ट्रिक आहे बाई!"

"ट्रिक? कसली ट्रिक?"

"पिक्चरमध्ये हिरो दहाव्या मजल्यावरून उडी मारतो ना बाई, मग हे काय मोठं?"

मी शपथ घेतली, पुस्तक दाखवलं, शास्त्रज्ञांची नावं घेतली. कशाचाही उपयोग नाही. शेवटी सुरेखा उभी राहिली. तिचं बोलणं सरळ, पण उर्मट नाही.

"बाई, राग मानू नका. माझी आई पापलेट हातात घेतल्याशिवाय ताजं आहे की नाही सांगत नाही. काचेतून बघून कसं कळणार? नळी हातात द्या, मी उलटी करते, मग बोला."

नळी असती तर दिलीच असती ना गं बये! उगाच ओरडले, "खाली बस, फार शहाणी!" आणि तास संपायच्या आधीच टीव्ही बंद केला. जानेवारीला तीन आठवडे उरले होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ती प्रयोगशाळा माझ्या हौसेची राहिलेली नाही. ह्या पोरीची उधारी होती ती माझ्यावर.

* * *

आला जानेवारी. नाडकर्णी साहेब शुक्रवारी येणार म्हणून निरोप आला आणि शाळेत धावपळ. मी स्वतः उभी राहून ती कोपऱ्यातली खोली रिकामी करून घेतली. बाकं भंगारात, पडदे गच्चीवर, अफझलखानाचा तंबू हेडसरांच्या केबिनमध्ये. पोरांनी भिंतींना चुना लावला. दारावर लावायला पेंटरकडून निळ्या रंगात पाटी करून आणली: "प्रयोगशाळा". साहेबांना नुसतं म्हणायचं होतं, बघा, जागा तयार आहे, फक्त सामान द्या.

शुक्रवारी साहेब आले. हार, श्रीफळ, चहा. दहावीचा वर्ग नवीन धुतलेल्या युनिफॉर्मात ताठ बसलेला. त्या दिवशी तिन्ही चाव्या हेडसरांच्या गळ्यात सुतळीला बांधलेल्या! लोलकाची कॅसेट घातली. हेडसरांनी स्वतः प्ले दाबलं. गोरा साहेब आला, हसला, तोंड उघडलं...

आणि लाईट गेली.

धुरी फ्यूज बघायला पळाले. परत येऊन म्हणाले, "आख्ख्या रोडवर नाय हा, बाई." हेडसरांचा चेहरा पांढरा. त्यांनी घाम पुसला आणि शाळेच्या स्थापनेपासूनचा इतिहास सांगायला सुरुवात केली. साहेबांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी बघत होते, साहेब आता उठणार. सगळं वर्ष माझ्या डोळ्यांसमोरून चाललं होतं.

माझं डोकंच फिरलं! म्हटलं, "सर, इतिहास राहू द्या. पोरांनो, उठा! बाकं मागे सरकवा!"

छताला पंख्याचा हूक होता. पंखा कधीच नव्हता, हूक मात्र होता. सर्वांत उंच पोराला बाकावर चढवलं. हेडसरांच्या गळ्यातली सुतळी पुरेना, म्हणून धुरींनी आख्खं बंडल आणलं. सुरेखाच्या जेवणाचा स्टीलचा डबा खाली बांधला. रिकामा करून.

"साहेब, तुमच्या घड्याळात सेकंदकाटा आहे ना? द्या इकडे!"

साहेबांनी मुकाट्याने घड्याळ काढून दिलं. मी ते सुरेखाच्या हातात ठेवलं. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगाचं काहीतरी हातात धरलं, तेही कंपनीच्या साहेबाचं घड्याळ.

डबा झुलला. सगळा वर्ग मोठ्याने मोजतोय, एक, दोन, तीन... वीस झोके. सुरेखाने वेळ फळ्यावर लिहिला. मग मी म्हटलं, आता डब्यात खडी भरा. भरलेला डबा लवकर येईल की उशिरा? वर्गात दोन पार्ट्या पडल्या, भांडणंच लागली! "जड आहे ना, मग लवकर येणार!" "अरे हट्, जड म्हणून हळू येणार!" साहेबसुद्धा उठून पुढे आले. म्हणाले, "लवकर! मी इंजिनियर आहे, माझं ऐका."

भरलेला डबा झुलला. वीस झोके. सुरेखाने काट्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, पुन्हा काट्याकडे.

"तेवढाच वेळ, बाई!"

कोणाचा विश्वास बसेना. पुन्हा केलं. आणखी खडी घातली, पुन्हा केलं. मग सुतळी आखूड केली, तर डबा भराभर झुलायला लागला आणि वर्गात जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या दोन वर्गांनी खिडकीत येऊन बघितला. सुरेखा नाचत होती, "वजनाचं काय नाय रे, सगळं सुतळीचं हाय!" माझ्या डोळ्यांना धार लागली. चौदा वर्षं फळ्यावर काढलेला लोलक हलला होता हो माझा!

नाडकर्णी साहेबांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. माझा हात हातात घेतला.

"बाई, मी फॅक्टरीत इतकी ट्रेनिंगं बघितली, असं कधी बघितलं नाही. पोरांना सायन्स कळतंय! शंभर टक्के कळतंय!"

मी हेडसरांकडे बघितलं. हेडसर माझ्याकडे. मी म्हटलं, "साहेब, मग या ना, जागा दाखवते." खोलीपर्यंत नेलं. साहेबांनी चुना बघितला, पाटी वाचली, मान डोलावली. जाताना गाडीच्या काचेतून पुन्हा म्हणाले, "जूनमध्ये बघा मी काय पाठवतो ते."

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे मी कसे काढले ते मलाच माहीत. त्या खोलीच्या मापाची टेबलं कागदावर काढून ठेवली होती मी. सुरेखा पास झाली. विज्ञानात पासष्ट! पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "बाई, लॅब झाली की मी बघायला येणार हं."

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीचा ट्रक फाटकाशी उभा राहिला. मी पायऱ्या उतरून धावतच गेले. मागून हेडसर, त्यांच्या मागून धुरी. ड्रायव्हरने मला एक पत्र दिलं. पत्र साहेबांच्या स्वतःच्या हातचं होतं.

"आदरणीय सामंतबाई, डबा आणि सुतळीवर तुम्ही जे करता ते पाहून माझी खात्री पटली की तुमच्यासारख्या शिक्षिकेला प्रयोगशाळेची मुळीच गरज नाही. तुमची खरी अडचण काय आहे ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. ती कायमची दूर करत आहे."

ट्रकच्या मागचं फळकूट खाली पडलं. आत कंपनीतला जुना डिझेल जनरेटर.

बारा माणसांनी तो उतरवला. एवढं धूड ठेवायचं कुठे? शाळेत रिकामी, चुना लावलेली, तळमजल्यावरची खोली एकच होती. त्यात तो अगदी मापात बसला. बाजूने माणूस जाईल एवढीसुद्धा जागा उरली नाही. चालू केल्यावर दोन मजले हादरायचे आणि टीव्हीतला साहेब काय बोलतोय त्याचं एक अक्षर ऐकू यायचं नाही.

दारावरची पाटी काढायला धुरी स्टूल घेऊन आले, तेव्हा मी त्यांना तसंच परत पाठवलं. म्हटलं, खबरदार! ती राहू द्या. मग आठवड्याने कंपनीचा इलेक्ट्रिशियन आला, वायरिंग तपासलं, आणि जाताना माझ्या निळ्या अक्षरांखाली लाल रंगाने नियमाप्रमाणे लिहून गेला. दिवाळीच्या आधी एक दिवस सुरेखा आली, ठरल्याप्रमाणे लॅब बघायला. कॉलेजची वही छातीशी धरून ती त्या दारासमोर उभी राहिली आणि मोठ्याने वाचलं:

"प्रयोगशाळा. धोका! कशालाही हात लावू नये."